हळदीच्या दिवसांतलं शेवटचं पान

मार्चमध्ये कळमनुरी मागे टाकून गाडी आखाडा बाळापूरच्या दिशेला लागली, की काच बंद असली तरी वास आत येतो. उकडलेल्या हळदीचा. ओली माती, कापूर आणि कच्चं लाकूड एकत्र तापवावं तसा काहीसा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेताशेतातून पांढरी वाफ उठत असते आणि ऊन तिच्यातून गाळून आल्यासारखं फिकट होतं. गाडीतले लोक यंदाच्या भावाबद्दल बोलतात. मला या वासाने बी.ए.चं दुसरं वर्ष आठवतं, आणि त्या वर्षी अभ्यासाला असलेलं इंग्रजी नाटक.

या दोन गोष्टींचा संबंध सांगायला थोडी जागा लागेल.

वर्गात आम्ही तिघं होतो. पहिल्या वर्षी ऐच्छिक इंग्रजी घेणारे अकरा होते. दुसरं वर्ष सुरू झालं तेव्हा पाच राहिले आणि पोळ्यापर्यंत तीन. मिलिंद कळमनुरीचाच, त्याचे वडील पोस्टमन. शोभा आखाडा बाळापूरच्या अलीकडच्या एका गावातून एस.टी.ने यायची. घरी कालव्याच्या पाण्यावरची थोडी शेती, त्यातल्या निम्म्या रानात हळद. तिसरा मी. प्राचार्यांनी एकदा आम्हाला बोलावून सांगितलं होतं, "तिघं आहात म्हणून चालवतो. एक जरी नापास झाला, तरी पुढच्या वर्षी हा वर्ग उघडणार नाही. मग इतिहास घ्या, नाहीतर नांदेडला जा." मिलिंद आणि मी नांदेडला जाऊ शकलो असतो. शोभाला घरून तेवढं लांब कोणी पाठवणार नव्हतं. हे तिघांनाही ठाऊक होतं. त्यावर कधी बोलणं झालं नाही.

आमचा वर्ग ग्रंथालयामागच्या खोलीत भरायचा. तिथे जुने नकाशे गुंडाळून ठेवले होते आणि एका कोपऱ्यात तुटक्या बाकांची उतरंड होती. खिडकीबाहेर कडुलिंब. दुपारच्या तासाला त्याची सावली फळ्यावर यायची आणि सर लिहीत असलेल्या अक्षरांवरून हळूहळू सरकत जायची. त्या वर्षाचं बहुतेक सगळं मला त्या सरकत्या सावलीत दिसतं.

दुसऱ्या वर्षाला ध्वनिशास्त्र होतं. सर आमच्या हातात वहीच्या कागदाची एकेक पट्टी द्यायचे. ती ओठांसमोर धरून आम्ही इंग्रजी शब्द उच्चारायचो. काही शब्दांना पट्टी थरथरायची, काहींना हलायची नाही. तीन माणसं, तीन पट्ट्या, आणि खोलीत फक्त फुंकरींचा आवाज. शिपाई दारातून डोकावून म्हणाला होता, "सर, ह्यांना दमा झाला का?"

कविता होत्या. त्यांतले पक्षी आम्ही पाहिलेले नव्हते. सर म्हणायचे, "साळुंकी समजा आणि पुढे चला." कवितांमधला बर्फ त्यांनी गारपिटीवरून समजावला. "गारा पडल्या तेव्हा गहू झोपला होता, आठवतं? तसं पांढरं. पण आवाज नाही आणि महिनाभर वितळत नाही." आवाज नसलेली गारपीट मी कितीतरी दिवस डोळ्यांसमोर आणत होतो. मिलिंदचा प्रश्न वेगळा होता. "सर, तिकडच्या लोकांना उन्हाळा इतका आवडतो काहून?" सरांनी खिडकीबाहेर पाहिलं. म्हणाले, "त्यांनी आपला पाहिला नाही."

अभ्यासक्रम त्याच वर्षी बदलला होता. नाटक नवं लागलं होतं, त्याचं गाइड बाजारात आलेलं नव्हतं आणि नांदेडच्या दुकानांतही पुस्तक मिळत नव्हतं. ग्रंथालयात एक जुनी प्रत निघाली. मागचं पुठ्ठ्याचं आवरण गेलेलं, शिवण सुटलेली. सरांनी ती टेबलावर ठेवली, खिशातून ब्लेड काढलं आणि उरलेला दोरा कापला. पहिला-दुसरा अंक एक भाग, तिसरा-चौथा दुसरा भाग, पाचवा अंक तिसरा. प्रत्येक भाग त्यांनी जाड दोऱ्याने शिवला आणि वर्तमानपत्राचं वेष्टन घातलं. तिसरा भाग स्वतःच्या पिशवीत ठेवला. "हा मार्चमध्ये. आधी कोणी पुढे पळायचं नाही."

पहिले दोन भाग आम्ही आठवडी बाजाराच्या दिवशी बदलायचो. जागा ठरलेली, बसस्थानकातल्या रसवंतीसमोरचा कट्टा. शोभा गाडीतून उतरायची, पिशवीतून भाग काढून द्यायची, दुसरा घ्यायची. आजूबाजूला मिरच्यांचे ढीग, कोंबड्यांच्या पाट्या, गाडी लागल्याचा पुकारा. त्या गलक्यात मिलिंद विचारायचा, "धाकटी गेली का घर सोडून?" शोभा म्हणायची, "गेली. वाच गुमान." पलीकडे बसलेली एखादी बाई चमकून विचारायची, "कोणाची धाकटी गं बाई?"

नाटक दोन बहिणींचं होतं. डोंगरातलं गाव, सहा महिने बर्फ. वडिलांच्या घरावरून दोघींचं बिनसतं, धाकटी निघून जाते आणि अनेक वर्षं बोलणं नसतं. थोरली आजारी पडते. चौथ्या अंकात धाकटीची चिठ्ठी येते. थोरली ती न फोडता शेकोटीवरच्या फळीवर ठेवून देते. चौथा अंक तिथे संपतो.

तिसरा भाग सरांनी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात बाहेर काढला आणि शोभाकडे दिला, कारण तिचं वाचन सगळ्यांत झटपट. मिलिंदने शेवट काय आहे ते विचारलं. सर म्हणाले, "मी सांगणार नाही. तिघंही वाचा, मग आपण बोलू." ते बोलणं राहिलं. सर तासिका तत्त्वावर होते. महिनाअखेरीला त्यांचे तास संपले आणि ते दुसऱ्या जिल्ह्यात गेले. शोभाही त्याच सुमाराला यायची थांबली. हळद निघाली होती.

पुढे मी वर्तमानपत्रात नोकरीला लागलो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात शिकवलं गेलं, की महत्त्वाचं आधी लिहायचं. जागा कमी पडली की बातमी खालून कापतात. शेवटचा परिच्छेद गेला तरी ती उभी राहिली पाहिजे. गेली अनेक वर्षं मी इतरांचे शेवट कापतो आहे. कापताना कधी कधी ग्रंथालयामागची ती खोली समोर येते आणि ब्लेडखाली तटकन तुटणारा दोरा.

नाटकाच्या पेपरला चार दिवस होते तेव्हा मिलिंद आणि मी शोभाच्या शेतात गेलो. सकाळचे नऊ वाजले असतील. बांधापासूनच वाफ दिसत होती. रानाच्या कडेला दगडांच्या चुलाणावर मोठी कढई, तिच्यात हळदीचे गड्डे, वर हळदीचाच पाला आणि त्यावर ओलं गोणपाट. खाली तुराट्या धडधडत होत्या. पलीकडे शिजलेली हळद उन्हात पसरली होती. तिच्यावरून उष्ण हवा हलायची तेव्हा अख्खं रान पाण्याखाली असल्यासारखं दिसायचं. आवाज फक्त कढईच्या आतला, खदखद.

शोभाची आई पाला सारखा करत होती. तिने आम्हाला पाहिलं. "कोणाची लेकरं रं तुमी?"

"कळमनुरीच्या पोस्टमनचा मी," मिलिंद म्हणाला.

"आन् कोणाचं काई वाईट-बिईट आणलं का?"

"न्हाई मावशी. शोभाकडून पुस्तक न्यायचं हाय."

"मंग बसा सावलीला. वाफ लागंल. ती बगा, येऊनच राहिली."

शोभा टोपलं घेऊन आली. कोपरापर्यंत हात पिवळे, कपाळावर घाम पुसल्याची पिवळी रेघ. मिलिंद म्हणाला, "पेपर पिवळ्या शाईनं लिवणार व्हय?"

"तुज्या डोक्यानं लिवण्यापरीस बरा," ती म्हणाली आणि टोपलं उतरवलं. मग मिलिंदने पुस्तक मागितलं आणि ती गप्प झाली. ते गप्प होणं मला तेव्हा कामाच्या गडबडीतलं वाटलं होतं. "घरी हाय," ती म्हणाली. "माळ्यावर. आता जाता येत न्हाई, कढई उतरायला आली. मी सांगते, ऐका."

"सांगू नको शोभे, वाचायला दे. सरांनी वाचा म्हणलंय."

"सर गेले. ऐकतो का जाऊ?"

मग तिने सांगितलं. तिने ज्या पद्धतीने सांगितलं, तशी कुठलीही साहित्यकृती मी नंतर ऐकली नाही. एका हातात केरसुणीची काडी होती. हळद शिजली का हे काडी टोचून पाहतात. सहज आरपार गेली की उतरवायची. ती कढईतून एक गड्डा बाहेर घ्यायची, काडी टोचायची, परत टाकायची आणि मध्येच एखादं वाक्य बोलायची. थोरली अंथरुणावरून उठते. ताप असतो. बाहेर बर्फ पडून राहिलेला असतो, आवाज न करता. ती फळीवरची चिठ्ठी काढते. शेकोटीच्या उजेडाला धरते. इथे शोभा थांबली. तिने एक गड्डा काढला, काडी टोचली. काडी अर्ध्यातच अडली.

"मंग?" मिलिंद म्हणाला.

"मंग फोडती." तिने गड्डा परत टाकला. "आत येकच ओळ. 'मी निघाले आहे.' आन् तेवढ्यात दार वाजतं."

"कोण आसतं?"

"ते सांगत न्हाई. पडदा पडतो."

तिची आई गोणपाट धरून उभी होती. सगळं ऐकत होती हे आम्हाला कळलं नव्हतं. ती म्हणाली, "बहीणच की. येवढ्या गारठ्यात दुसरं कोण येतंय?"

आम्ही हसलो. शोभा हसली नाही. तिने दुसरा गड्डा काढला आणि या वेळी काडी आरपार गेली. "उतरव," ती आईला म्हणाली, आणि पुढचा अर्धा तास आम्ही चौघं घमेल्यांनी हळद बाहेर काढत होतो. परतताना एस.टी.त शेजारच्या माणसाने आमच्या हातांकडे पाहून विचारलं, "मजुरीला व्हता का?" मिलिंद म्हणाला, "इंग्रजीच्या तासाला."

पेपरमध्ये नाटकाच्या शेवटाचं महत्त्व विचारलं होतं. वर पंखा कुरकुरत होता, खिडकीच्या गजांमधून ऊन बाकावर पट्टे काढत होतं, आणि पुढच्या बाकावर शोभाचा पिवळटलेला हात सरळ रेषेत लिहीत चालला होता. तिघांनी एकच शेवट लिहिला. दार वाजलं. मिलिंदने तर त्या दाराला क्षमेचं प्रतीक म्हटलं होतं. पेपर संपल्यावर शोभाने तिसरा भाग ग्रंथालयाच्या खिडकीत परत केला. तिथल्या बाबूने तिन्ही भाग एका सुतळीने बांधले आणि वर ठेवून दिले.

निकाल लागला. तिघंही पास. तिसऱ्या वर्षाचा वर्ग उघडणार हे नक्की झालं. आम्ही रसवंतीसमोरच्या त्याच कट्ट्यावर बसलो होतो. मिलिंद परत दाराच्या प्रतीकाबद्दल बोलत होता. शोभाने ग्लास खाली ठेवला.

"ते दार मी वाजवलं," ती म्हणाली.

आम्हाला कळलं नाही. तिने सांगितलं. तिच्याकडचा भाग थोरली चिठ्ठी उजेडाला धरते तिथे संपत होता. आधीच्या चारही अंकांच्या शेवटी 'पडदा' असं छापलेलं होतं, इथे तेवढंही नव्हतं. म्हणजे पुढे एक पान होतं आणि ते तिच्या घरी हरवलं. तिने माळा पाहिला, धान्याची कणगी हलवली, वाळत घातलेल्या हळदीखाली शोधलं. "आईनं चुलीला लावलं आसंल. ती न्हाई म्हणली, पण तिला काय कळतंय कोणता कागद कशाचा. लई बोलले मी तिला." मग म्हणाली, "तुमाला खरं सांगितलं आसतं तर तुमी तो प्रश्न सोडला आसता. नापास झालं आसतं कोणी, तर म्या काय केलं आसतं?"

मिलिंदने ग्लासातला उरलेला रस संपवला. मग म्हणाला, "माझे बाबा म्हणतेतच. आलेली चिठ्ठी कोणी न फोडता ठेवत न्हाई. बराबर लिवलं तू." शोभाने त्याच्याकडे कृतज्ञतेने पाहिलं असेल. मला आठवतं ते इतकंच, की तिच्या नखांच्या कडेला जूनमध्येही पिवळं होतं.

मिलिंद आता पुण्यात बँकेत आहे. शोभा औंढा नागनाथच्या एका हायस्कुलात इंग्रजी शिकवते, हळदीच्या दिवसांत रविवारी गावाकडे येते. तिच्या शेतात मी अधूनमधून जातो. कढई गेली. आता ट्रॅक्टरमागून वाफेचा कुकर येतो, त्याची पिंपं भरतात, रिकामी होतात, आणि दिवसाचं काम दोन तासांत उरकतं. वास तोच आहे.

आणखी एक गोष्ट तशीच आहे. शेतातल्या पत्र्याच्या खोलीत, खुंटीखाली एक डबा आहे, पूर्वी बिस्किटांचा असलेला. त्या उन्हाळ्यापासून शोभाच्या आईने छापलेला कागद चुलीत घातलेला नाही. तिला वाचता येत नाही, म्हणून कोणता कागद कशाचा हे ती ठरवत नाही. खताच्या पोत्यावरची चिठ्ठी, साखरेच्या पुडीचा कागद, निवडणुकीची पत्रकं, लग्नपत्रिका, औषधाच्या खोक्यातली घडी. जे सापडेल ते डब्यात जातं. शोभा आली की आई डबा पुढे ठेवते. "बघ गं, तुजं हाय का." शोभा सगळं चाळते आणि "न्हाई" म्हणते. पहिल्या वर्षी ते रागाने चाललं असेल, दुसऱ्या वर्षी अवघडून. पुढे ती घरातली रीत झाली. मी स्वतः दोनदा पाहिली आहे. चाळून झाल्यावर दोघी काही वेळ एकमेकींकडे बघत नाहीत.

गेल्या महिन्यात कार्यालयात काम कमी होतं. त्या नाटकाचं नाव मी सहज शोधलं. कुठल्याशा परदेशी ग्रंथालयाने एक जुनी प्रत पानापानाने छायाचित्रं घेऊन ठेवली होती. तीच आवृत्ती, तोच टंक. मी सरळ पाचव्या अंकाच्या शेवटी गेलो. थोरली चिठ्ठी उजेडाला धरते. त्याखाली काही नाही. 'पडदा' नाही. पुढचं पान उघडलं, त्यावर छापखान्याचं नाव. त्यानंतर कोरं पान आणि मागचा पुठ्ठा. आमच्या प्रतीतून ही शेवटची पानं पुठ्ठ्याबरोबरच गेली असणार. मी पानांचे आकडे तीनदा तपासले. नाटक तिथेच संपत होतं. लिहिणाऱ्याने ते तिथेच सोडलं होतं. सरांना आमच्याशी हेच बोलायचं असणार.

या रविवारी मी शोभाच्या शेतात गेलो. तीच वाफ, तेच फिकट ऊन. शोभा पसरलेल्या हळदीत पायाने चाळा देत चालत होती. हळदीचे थर हलवायची ती जुनी रीत, आणि त्या सुकत आलेल्या हळकुंडांचा खुळखुळ आवाज. मी फोन तिच्या हातात दिला. काय दाखवतो आहे ते सांगितलं नाही. तिने चष्मा वर केला, पान वाचलं, बोटाने पुढे सरकवलं. छापखान्याचं नाव, मग कोरं पान आलं. मागे गेली. परत पुढे.

"म्हंजे हरवलंच न्हाई," ती म्हणाली.

"न्हाई."

"कधीच न्हाई?"

"पान नव्हतंच."

ती हळदीतून बाहेर आली. पायाला लागलेली पूड झटकली नाही. पत्र्याच्या खोलीच्या दाराशी तिची आई रिकामी पोती झाडत होती, एकेक उलटं करून, आणि प्रत्येक पोतं झाडल्यावर खाली वाकून काही पडलं का ते बघत होती. शोभा तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"आई, ते पान तू जाळलं न्हवतंस."

आईने पोतं खाली ठेवलं. "कोणतं?"

"ते. माज्या पुस्तकाचं. दोन बहिणींचं. पुढं पानच न्हवतं त्याला. आज कळलं."

म्हातारीने माझ्याकडे पाहिलं, मग लेकीकडे. ती रागावेल असं मला वाटलं होतं, किंवा रडेल. तिने पोत्याच्या कडेची एक सुतळी ओढून काढली आणि बोटाला गुंडाळली.

"मी म्हणले व्हते तवा," ती म्हणाली.

"व्हय. म्हणली व्हतीस." शोभाने खाली ठेवलेलं पोतं उचललं. "माजं चुकलं."

"मंग त्या थोरलीनं चिठ्ठी फोडली का न्हाई?"

"न्हाई फोडत. हातातच राहती."

"आन् दार?"

"दार न्हाई त्यात, आई. ते मी लावलेलं. त्या पुस्तकात दार वाजत न्हाई."

आईने विचार केला. कुकरची शिटी वाजली, पलीकडे कोणीतरी पिंप उघडलं, आणि दाट पांढरी वाफ आमच्या तिघांवरून सरकत गेली. क्षणभर कोणाला कोणी दिसलं नाही. त्या वाफेतून तिचं बोलणं आलं.

"लिवलं नसंल त्यानं. वाजलं आसंल."

वाफ विरली तेव्हा शोभा खोलीत गेलेली होती. डबा मांडीवर घेऊन ती उंबऱ्यात बसली होती आणि वर्षभराचे कागद एकेक करून सरळ करत होती. शोधायचं काही उरलं नव्हतं. आई तिच्या शेजारी जाऊन टेकली. शोभाने खताच्या पोत्यावरची चिठ्ठी उचलली आणि तिला वाचून दाखवायला सुरुवात केली.